खडे

वडगाव बुद्रुकच्या आमच्या साठ खाटांच्या हॉस्पिटलात
लिफ्टशेजारी जी काचेची खिडकी आहे, तिच्यामागे मी बसते.
वर पाटी: कॅशलेस.
खाली कुणीतरी पेनाने लिहून ठेवलंय: बसलेस?
नऊ वर्षं पुसायचं राहिलंय.

माघातल्या त्या गुरुवारी दोन पित्ताशयं निघाली.
साडेनऊला निनाद खरवंडीकरांचं. हिंजवडी, कंपनीची ग्रुप पॉलिसी,
सोबत बायको, लॅपटॉप,
आणि खोलीतला एसी आवाज करतो ही तक्रार.
पावणेअकराला हौसाबाई लोंढे यांचं. जनता वसाहत, केशरी कार्ड,
सोबत जाऊ, आणि स्टीलच्या डब्यात मुगाची खिचडी,
जी एवढ्यात चालणार नाही असं दोनदा सांगून झालं होतं.

तेच टेबल. तोच दिवा.
डॉक्टर शिरगोपीकरांचे तेच हात,
डाव्या अंगठ्यावर भाजल्याची जुनी खूण असलेले.
भूल देणाऱ्या दस्तूरबाई म्हणतात,
मला फक्त वजन कळतं, कार्ड नाही.

मग कागद माझ्याकडे येतात
आणि मला फक्त कार्ड कळतं.

खरवंडीकरांचे आम्ही एक्याऐंशी हजार मागितले.
विमा कंपनीने हातमोजे कापले, मास्क कापले,
सर्जनच्या बावीस हजारांतून चार कापले,
'वाजवी आणि प्रचलित दराहून अधिक' असा शेरा मारून.
पण दिले. अठराव्या दिवशी.
हौसाबाईंचं पॅकेज एकोणीस हजार, सगळं धरून:
खाट, औषधं, दोन वेळचं जेवण, घरी जायचं भाडं,
दस्तूरबाईंची झोप,
आणि टाक्यांचा दोरा, जो कितीही जपून वापरला
तरी दोघांना सारखाच लागतो.
त्यातले शिरगोपीकरांच्या वाट्याला अठ्ठावीसशे.
येतील तेव्हा.
दिवाळीतल्या केसेसचे शिमगा उलटला तरी यायचेत.

लेखापाल मुळ्ये म्हणतात,
एका खरवंडीकरावर अडीच लोंढे निभतात.
उरलेल्या अर्ध्या लोंढेबाईंचं काय करायचं, विचारलं
की ते चहा मागवतात.

योजनेच्या पोर्टलला खड्यांचा फोटो लागतो, नावाच्या चिठ्ठीसकट.
म्हणून त्या दुपारी मी थिएटरबाहेर गेले
तर ट्रेमध्ये दोन बाटल्या,
आणि दोन्ही चिठ्ठ्या ओल्या होऊन तळाशी गोळा झालेल्या.
एकीत वाटाण्याएवढे पाच-सहा.
दुसरीत एकच, सुपारीएवढा, पिवळट.
कुठला कुणाचा?
सिस्टर कुंदा क्षणभरही थांबली नाही.
मोठा लोंढेबाईंचा, म्हणाली.
इतका वाढेपर्यंत अंगावर कोण काढणार दुसरं?

तसंच लिहिलं. तसाच फोटो गेला.
पोर्टलने परत पाठवला: अस्पष्ट.

दुसऱ्या दिवशी खरवंडीकर आपली बाटली घेऊन गेले,
ऑफिसात दाखवायला.
हौसाबाईंनी त्यांची उजेडात धरून पाहिली, परत माझ्या टेबलावर ठेवली.
राहू दे इथंच, म्हणाल्या,
कुणाच्या नावानं फोडायचा ते तुम्हीच ठरवा.
अजून आहे. स्टेपलरच्या मागे.

काल संध्याकाळी डॉक्टर खिडकीपाशी आले.
हे सहसा येत नाहीत.
पार्किंगची पावती हातात चुरगळत म्हणाले,
गुरुवारी योजनेच्या किती घेतो आपण?
चार.
पुढच्या गुरुवारपासून दोन घ्या.
माणूस वाईट नाही. हौसाबाईंची फेरतपासणी त्यांनी फुकट केली होती,
आणि नव्या दुर्बिणीचा हप्ता मीच भरते दर पाच तारखेला,
मला आकडा माहीत आहे.

मी हो म्हटलं.
ते पायऱ्यांनी खाली गेल्यावर
वहीत गुरुवारच्या रकान्यात तीन लिहिले.
तिसरं कोण, ते अजून आलेलं नाही.